ईमेल कुणाला जाणार, हे ठरवतं कोण?

देवळी तालुक्यात पुलगावला लागून असलेलं नाचणगाव हे कापसाच्या पट्ट्यातलं गाव. समजा, इथल्या एखाद्या जिनिंगमध्ये गाडी काट्यावर चढली, वजन झालं, की काटापावती त्याच शेतकऱ्याच्या ईमेलवर आपोआप जायला हवी. काटा, हिशेब आणि ईमेल यांची सांगड घालायला अपाची कॅमलसारखं इंटिग्रेशन फ्रेमवर्क वापरतात. गाडीगणिक पत्ता बदलतो आणि घोळ तिथेच होतात.

गैरसमज : प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा राऊट, म्हणजे संदेशाचा मार्ग, लिहावा लागतो.

राऊट एकच पुरतो. संदेशाबरोबर हेडर, म्हणजे नाव दिलेल्या माहितीच्या चिठ्ठ्या, फिरत असतात. पावतीतला पत्ता काढून 'टू' या हेडरमध्ये भरला की काम झालं. स्प्रिंग इंटिग्रेशनमध्ये हेच काम हेडर एनरिचर करतो.

गैरसमज : राऊटमध्ये लिहिलेले कायमचे पत्ते हेडरमधल्या पत्त्यांना जोडले जातात.

सर्वात जास्त त्रास याचाच होतो. राऊटमध्ये सीसी म्हणून जिनिंगच्या हिशेबनिसाचा पत्ता लिहिलेला असतो. नंतर कुणीतरी हेडरमध्ये शेतकऱ्याचा 'टू' भरतो. शेतकऱ्याला पावती मिळते, हिशेबनिसाला मिळत नाही, आणि लॉगमध्ये एकही एरर दिसत नाही. कारण कॅमलचा नियम असा : हेडरमध्ये टू, सीसी, बीसीसी यांपैकी काहीही असलं, तर फक्त हेडरच धरायचे. राऊटमधले पत्ते हेडर रिकामे असतील तरच वापरात येतात. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं चालत नाही. हिशेबनिसाला प्रत हवी, तर त्याचा सीसीही हेडरमध्येच भरा.

गैरसमज : दहा पत्त्यांपैकी एक चुकला, तर बाकी नऊ जणांना ईमेल जातेच.

कॅमल ईमेल पाठवतो ती जावामेलमधून. तिथे अर्धवट पाठवण्याची 'सेंडपार्शल' ही सेटिंग मुळात बंद असते. सर्व्हरने एक पत्ता जरी नाकारला, तरी त्या ईमेलची एकही प्रत जात नाही. शिवाय 'टू'मध्ये दहा शेतकरी एकत्र घातले, तर प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसतात. पावती ज्याची त्याला एकेकटीच पाठवावी. दोन्ही प्रश्न मिटतात.

गैरसमज : 'टू' आपण स्वतः भरतो, म्हणजे बाहेरच्याला हात घालता येत नाही.

राऊटची सुरुवात एचटीटीपी विनंतीने होत असेल, तर त्या विनंतीतले हेडर आणि यूआरएलमधले पॅरामीटरही कॅमलच्या संदेशात हेडर म्हणून येतात. आपण 'टू' भरला, तरी बाहेरून आलेला 'बीसीसी' तसाच राहू शकतो. मग शेतकऱ्याच्या पावतीची प्रत भलत्याच माणसाला जाईल आणि शेतकऱ्याला त्याचा थांगही लागणार नाही. त्याच्या वजनाचा आणि पैशाचा तपशील असा बाहेर जाणं अक्षम्य आहे. म्हणून पत्ता भरण्याआधी टू, सीसी, बीसीसी हे तिन्ही हेडर काढून टाका.

गैरसमज : सर्व्हरने 250 हा कोड दिला, म्हणजे ईमेल पोचली.

ईमेल पुढे नेण्याची जबाबदारी सर्व्हरने घेतली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती परत आली, तर सूचना प्रेषकाच्या पत्त्यावर येते. तो पत्ता कुणीतरी रोज उघडून पाहत असलेलाच ठेवा, आणि राऊट चालू करण्याआधी कॅमलच्या आपल्या आवृत्तीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हेडरची नावं एकदा ताडून घ्या.