गाड्यांसाठी राखलेलं रान

हुबळीच्या आमच्या दुर्गदबैलाचं नाव ऐकलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "हा बैल कुठला?" मग समजावून सांगावं लागतं, की यात बैलाचा काही संबंध नाही. कानडीत ‘बयलू’ म्हणजे मोकळी जागा. दुर्गद बयलू, म्हणजे किल्ल्याचं मैदान. आता ते मैदान नावालाच उरलंय. दिवसभर भाजी, भांडी, कापड, मसाले यांची गर्दी आणि रात्री दुकानांची शटर खाली आली की गिरमिट, मिरची भजीच्या गाड्या. लग्न होऊन या भागात आले त्याला चाळीस वर्षं होत आली. गोंगाट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

तरीही २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मुलाकडे गेले असताना तो म्हणाला, "आई, या शनिवारी आपण कॅम्पिंगला जाऊ, गाड्यांच्या पार्कात," तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडलीच. गाड्यांचं पार्क? तिथं तंबू ठोकून राहायचं? मला आपल्या जत्रेतला ‘मौत का कुआँ’ आठवला. मी म्हटलं, "अरे, तुमच्याकडे एवढी छान शांत जंगलं आहेत, तिथं ने की मला!" तो नुसता हसला. नातू मात्र आधीच हेल्मेट घालून बसला होता.

सॅन होजेहून तासा-सव्वा तासावर हॉलिस्टर नावाचं लहानसं गाव आहे. जर्दाळूच्या बागांचा मुलूख. या गावाला मोटारसायकलींचा जुना इतिहास आहे. १९४७ च्या ४ जुलैच्या सुट्टीत इथं मोटारसायकलस्वारांचा मोठा मेळा जमला, धिंगाणा झाला, वर्तमानपत्रांनी तो तिखटमीठ लावून छापला. त्यातूनच पुढं मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट १९५३ साली निघाला. गावाच्या दक्षिणेला गॅबिलान डोंगररांगेत हॉलिस्टर हिल्स हे राज्य सरकारचं पार्क आहे. डांबरी रस्ता सोडून डोंगर-दऱ्यांतून गाड्या हाकायची हौस असलेल्यांसाठी मुद्दाम राखून ठेवलेली ही जागा.

मुलानं वाटेत सगळी हकिकत सांगितली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातही तक्रार हीच होती. तरुण पोरं गाड्या घेऊन कुठंही घुसायची. वाळवंट म्हणू नका, टेकड्या म्हणू नका. बंदी घातली तर शौक लपूनछपून चालणार, सोडून दिलं तर सगळं रान उद्ध्वस्त होणार. म्हणून १९७१ साली तिथं कायदा झाला. या शौकासाठी सरकारनं जागा द्यायची, आणि खर्च त्याच शौकिनांकडून घ्यायचा. त्यांच्या गाड्यांची नोंदणी, पार्कात शिरायची फी आणि रानात जळणाऱ्या पेट्रोलवरच्या कराचा वाटा, असा तो पैसा जमतो. हॉलिस्टर हिल्सची जमीन पूर्वी खासगी होती. तिथला शेतमालक मोटारसायकलवाल्यांना येऊ देत असे. १९७५ साली सरकारनं ती विकत घेतली.

तपासणी आधी, मौज नंतर

पोचल्यावर पाहते तर हिरव्यागार टेकड्या, जुने ओक वृक्ष, उतारावर पिवळी-केशरी फुलं आणि झाडांखाली तंबूंसाठी आखलेल्या जागा. प्रत्येक जागेला एक टेबल-बाक आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. आम्ही तंबू ठोकला. सूनबाईनं गालिचा अंथरला. मी पिशवीतून चुरमुरे, फुटाणा डाळीचं पीठ, चिंच, गूळ काढून ठेवलं. दुर्गदबैलात राहणारी बाई गिरमिटाचं साहित्य घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही!

शेजारच्या तंबूत एक कुटुंब होतं. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी छोट्या चारचाकी मोटारसायकलवर बसायला आतुर झाली होती. पण तिचे वडील तिला सोडतील तर ना! आधी हेल्मेट, मग हातमोजे, मग बूट. चौदा वर्षांखालच्या मुलांनी प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच ही गाडी चालवायची, असा तिथला नियम आहे. गाडीचा आवाज ९६ डेसिबलच्या वर गेला तर चालत नाही. सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू नये म्हणून जाळी हवीच, कारण उन्हाळ्यात हेच हिरवं गवत वाळून काडेपेटीसारखं होतं. ज्या गाड्या रस्त्यावर चालत नाहीत त्यांना नोंदणीचा हिरवा स्टिकर लागतो. मी मनात म्हटलं, आपल्याकडे रात्री बारा वाजता सायलेन्सर काढून फटफट करत जाणाऱ्या पोरांना इथं एक दिवस आणायला हवं.

दुपारी आम्ही मुलाच्या जीपमधून निघालो. निघण्यापूर्वी त्यानं चारही चाकांतली हवा कमी केली. हवा कमी केली की टायर पसरतं, जमिनीला जास्त धरून राहतं. मग शेजारचा लहान दांडा ओढून गाडी ‘लो’ गिअरमध्ये टाकली. मला वाटलं, आता धुरळा उडवत सुसाट निघणार. मी कडी घट्ट धरली. पण कसलं काय! दगडधोंड्यांच्या चढावर आम्ही बैलगाडीपेक्षाही हळू चाललो होतो. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात, आणि मुलगा इंच-इंच अंदाज घेत पुढं. चढ संपल्यावर तो म्हणाला, "आई, इथं घाई करणारा अडाणी समजला जातो."

हे वाक्य ऐकलं आणि मला एकदम माझे बाबा आठवले.

बाबांची जीप

बाबा दांडेलीला एका लाकूड ठेकेदाराकडे जीप चालवायचे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढं त्या जीपा आपल्याकडे जंगलखात्यात, ठेकेदारांकडे, पाटबंधाऱ्यांच्या कामांवर सगळीकडे दिसू लागल्या. बाबांच्या गाडीलाही मुख्य गिअरशेजारी असेच दोन लहान दांडे होते. चिखल आला की बाबा आधी खाली उतरत, काठीनं चिखल किती खोल आहे ते बघत, मग गाडी घालत. म्हणत, "चिखलात गाडी पायानं नाही, डोक्यानं चालवायची." ओढ्यात त्यांनी कधी गरजेशिवाय गाडी घातली नाही. खालच्या अंगाला बायका पाणी भरत असायच्या.

मी हे मुलाला सांगितलं, तर तो गप्पच झाला. त्यानं आजोबांना पाहिलं होतं ते म्हातारपणी, ओसरीवर बसलेलं. त्यांना गाडीचं एवढं ज्ञान होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. मग परतीच्या वाटेवर तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. चाळीस वर्षांत कधी निघाला नव्हता तो विषय त्या धुळीत निघाला.

संध्याकाळी शेकोटीभोवती गिरमिट झालं. शेजारची ती मुलगी तिखटानं डोळ्यांतून पाणी काढत दोनदा मागून गेली. नऊ-साडेनऊपर्यंत गप्पा, हसणं चालू होतं. दहा वाजले आणि सगळं थांबलं. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी ओरडलं नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, हा नियम सगळ्यांना माहीत होता. दिवसभर इंजिनांनी घुमणाऱ्या त्या दरीत मला घुबडाचा आवाज ऐकू आला. दुर्गदबैलात इतकी शांतता मी फक्त कोरोनाच्या टाळेबंदीत अनुभवली होती, आणि ती भीतीची होती.

विश्रांती घेणारी वाट

सकाळी फिरायला निघाले, तर एका वाटेवर दोरी बांधून पाटी लावलेली. सूनबाईनं वाचून दाखवलं, वाट दुरुस्तीसाठी बंद. उतारावर गवताचा पेंढा पसरला होता, माती वाहून जाऊ नये म्हणून. जास्त झिजलेली वाट इथं काही काळ मिटून ठेवतात, तिच्यावर पुन्हा गवत येऊ देतात. पाऊस पडून माती ओली झाली तर वाटा बंद होतात, मग कितीही लांबून आलेले असा. पार्कातला अझेलिया कॅन्यन हा भाग तर फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. तिथं एकही चाक जात नाही.

आणखी एक गंमत. भूकंपासाठी प्रसिद्ध असलेली सॅन आंद्रियास भेग याच डोंगरातून जाते. भेगेच्या दोन बाजूंची माती वेगवेगळी. हॉलिस्टर गावात तर जमीन इतकी हळूहळू सरकते की फूटपाथच्या कडा वाकड्या झाल्या आहेत. जमीन ही काही कायम तशीच राहणारी वस्तू नव्हे, हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

सगळंच आलबेल आहे, असं मात्र नाही. समुद्रकाठी ओशनो ड्यून्स नावाचं असंच वाळूचं पार्क आहे. तिथल्या धुळीवरून आणि वाळूत अंडी घालणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांवरून वर्षानुवर्षं वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. जागा दिली की प्रश्न संपला, असं नसतं. पण जागा आखलेली असली की निदान जाब कुणाला विचारायचा, हे तरी ठरतं.

आपल्याकडचं काय?

हे सगळं लिहायचं कारण माझा भाचा. परत आल्यावर कळलं, त्यानं नवी थार घेतली. दुर्गदबैलात आमच्या दारापुढं आणून नारळ फोडला. पुढं पावसाळ्यात मित्रांना घेऊन कलघटगीच्या बाजूला गेला आणि व्हिडिओ काढण्याच्या नादात गाडी ओढ्यातून वर चढवताना एका शेतकऱ्याच्या भाताच्या शेताचा बांध फोडला. शेतात साठवलेलं पाणी वाहून गेलं. गाडी रुतली ती रुतलीच. शेवटी गावच्या ट्रॅक्टरनं बाहेर काढली. भाऊ संतापून म्हणाला, "विकून टाकतो ती गाडी!" भाचा आमच्याकडे येऊन बसला. "आत्या, मग आम्ही चालवायची कुठं? रस्त्यावर ट्रॅफिक, रानात मनाई."

प्रश्न खोटा नव्हता. आपल्या पश्चिमेला काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. तिथं खासगी गाड्या घुसू नयेत, हे योग्यच. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, तरी वाळूत रुतलेल्या गाड्यांची छायाचित्रं येतच असतात. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलमधल्या लाहौल भागात एकानं चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेली, तेव्हा पोलिसांनी दंड केला. दुसऱ्या बाजूला, इगतपुरीला महिंद्रा कंपनीनं ही विद्या शिकवायला आखीव जागा केली. २०१४ पासून गोव्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही चिखलातली स्पर्धाही होऊ लागली. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा ठरलेल्या वाटेनंच जातात आणि पावसाळ्यात थांबतात. म्हणजे शिस्त आपल्याला जमत नाही, असं नाही.

आपल्या सीमाभागात खडी काढून सोडून दिलेल्या खाणी थोड्या का आहेत? तिथं पीक नाही, जंगल नाही. पंचायतीनं अशी एखादी जागा आखून द्यावी, फी घ्यावी, आवाजाची मर्यादा ठेवावी, पावसात कुलूप लावावं. पोरांना मैदान मिळेल आणि शेतकऱ्याचा बांध वाचेल. आमच्या पूर्वजांनी किल्ल्यापाशी एक ‘बयलू’ मोकळा ठेवला, म्हणून तर आज शेकडो कुटुंबांचा बाजार तिथं भरतो. नव्या शौकालाही त्याचा बयलू हवा.

पण तो मिळेपर्यंत फोडलेल्या बांधाचं काय? मी भाच्याला बाबांची गोष्ट सांगितली. खाली पाणी भरणाऱ्या बायकांची. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी सकाळी मात्र दारात येऊन उभा राहिला. "आत्या, येतेस का बरोबर? मला एकट्याला जायला लाज वाटते."

आम्ही गेलो. गाडी डांबरी रस्त्यावरच उभी केली. भाच्यानं पैशांचं पाकीट पुढं केलं, तर तो म्हातारा शेतकरी कानडीत म्हणाला, "रुपये ठेव तुझ्याकडे. बांध घालून दे." आणि त्यानं खोरं पुढं केलं. त्या पोरानं आयुष्यात कधी खोरं धरलं नव्हतं. दुपारपर्यंत हाताला फोड आले. म्हातारा शेजारी उभा राहून माती कुठं दाबायची ते दाखवत होता. मी बांधावर बसून गिरमिट कालवलं. तिघांनी खाल्लं.

निघताना म्हाताऱ्यानं रस्त्यावरच्या गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून चाकं पाहिली आणि भाच्याला विचारलं, "चिखलात किती हवा ठेवतोस रे?"