मीठ वाळण्याआधी

फवारणी उरकली की जाणता शेतकरी पंप तसाच बांधावर टेकवून ठेवत नाही. टाकीत साधं पाणी भरायचं, दांडा मारायचा, खटका दाबून नोझलमधून पाणी सोडायचं. आपली भाकरी त्यानंतर. औषध आत वाळलं की नोझल चोंदतं, हे पालम गावच्या कपाशीवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तिकडे मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची बोट किनाऱ्याला लागली की हेच काम वेगळ्या यंत्रासाठी करावं लागतं. त्या यंत्राचं नाव रेग्युलेटर. पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे, आणि पाण्यात उतरायला शिकणाऱ्याला हे धुणंही शिकावंच लागतं.

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या रेग्युलेटरशी याचं जवळचं नातं आहे: दोन्ही वायूचा दाब बेताचा करून देतात. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मिळ झालं, तेव्हा मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमिल गान्याँ या अभियंत्याने एक झडप तयार केली. नौदल अधिकारी जॅक कुस्तो याच्यासोबत त्याने तीच कल्पना सुधारून १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र साकारलं.

डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या जवळपास शंभरपट. सिलिंडरवर बसणारी ‘फर्स्ट स्टेज’ हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबाहून नऊ-दहा बार जास्त, इतका खाली आणते. उरलेलं काम तोंडात धरायच्या ‘सेकंड स्टेज’चं. श्वास ओढला की तिच्यातला लवचीक पडदा आत झुकतो, तरफ दबते, झडप उघडते. खोली दहा मीटरने वाढली की पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. तो यंत्राला कळावा म्हणून साध्या रचनेच्या फर्स्ट स्टेजचा एक कप्पा मुद्दाम पाण्याला उघडा ठेवलेला असतो. म्हणजे समुद्र बाहेरच थांबत नाही. काही भागांत तो शिरतोच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते सगळे जेवणातलं मीठ नव्हेत. पाणी आटू लागलं की आधी चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खाली बसतो. मग जिप्सम. पाणी जेमतेम दहावा हिस्सा उरल्यावर मिठाचे खडे धरू लागतात. हे मीठ पुन्हा सहज विरघळतं: लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम. तेवढ्याच पाण्यात जिप्सम मात्र दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, आणि चुना तर नावापुरता. बोअरच्या पाण्याने शॉवरची भोकं बुजतात, तोटीवर पांढरं किटण चढतं, ते याच जातीचं. त्यावर कितीही पाणी ओता, ते हलत नाही. ओला रेग्युलेटर धुणं सोपं आणि वाळलेला धुणं अवघड, याचं कारण हे. शिवाय मिठाचे टोकदार कण रबरी ओ-रिंग घासतात आणि त्यातलं क्लोराइड क्रोमच्या मुलाम्याखालचं पितळ कुरतडतं.

मग नळाखाली धरून भागेल? नाही. अरुंद फटीत पाणी वाहत नाही; क्षारांना स्वतःहून पसरत बाहेर यावं लागतं, आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. हिशोब केला तर दोन मिलिमीटर खोल फटीला वीसेक मिनिटं, सेंटीमीटरभर खोल फटीला आठ-नऊ तास. म्हणून गोड्या, कोमट पाण्यात भिजत ठेवायचं आणि अधूनमधून हलवायचं. त्याआधी फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची टोपी कोरडी करून घट्ट बसवायची. टोपी ओली असेल तर तिच्यातला थेंब सरळ आत जातो.

इथे फवारणी पंपाची सवय मात्र घात करते. पंप धुताना खटका दाबायचा असतो. सेकंड स्टेजवरही हवा सोडायचं बटण असतं आणि हात आपोआप त्याच्याकडे जातो. पण सिलिंडर जोडलेला नसताना पाण्यात ते दाबलं, तर झडप उघडते आणि आत हवेचा दाब नसल्याने पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं. सिलिंडर जोडून, हवा चालू ठेवून धुतलं तर भीती नाही. बटण दाबलं की हवाच पाण्याला बाहेर ढकलते. हवेविना बटण दाबण्याची चूक पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी उघडी पडते: हवा आत येते त्या वाटेवरची छोटी धातूची गाळणी हिरवी झालेली दिसते.

धुतल्यावर यंत्र सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. कडक ऊन रबराचा वैरी. पाणी जड असेल तर शेवटचा हात आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याचा द्यावा.

आणि ‘घरी जाऊन निवांत धुऊ’ हा विचार मालवणातच सोडावा. रात्रभराचा प्रवास करून पिशवी पालमला उघडेपर्यंत चुना आणि जिप्सम आपापल्या जागा धरून बसलेले असतात. त्यावर बोअरचं पाणी ओतून वाळवणं म्हणजे एका किटणावर दुसरं चढवणं.