हरवलेल्या पोथीचा माग

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती, तेव्हा विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर वेगवेगळ्या लिप्यांतल्या शेकडो पोथ्या होत्या. कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, हे ठरवायचं कसं? अशा कामात लेखनिकाची चूक फार उपयोगी पडते. एका पोथीत चुकलेलं अक्षर तिच्यावरून उतरवलेल्या पुढच्या पोथ्यांतही तसंच येतं. बरोबर पाठ सगळीकडे सारखाच, त्यावरून काही कळत नाही. नातं कळतं ते सारख्या चुकांवरून.

एचआयव्हीचं घराणंही असंच शोधतात. या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, लिहिलेलं पुन्हा तपासत नाही. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात आणि चुका साचत जातात. म्हणून दोन माणसांकडचे विषाणू जवळजवळ सारखे निघाले, तर त्यांच्यामधलं संसर्गाचं अंतर थोडं आणि अलीकडचं, असं म्हणता येतं. अमेरिकेत दोन विषाणूंच्या क्रमांतला, म्हणजे वाचलेल्या अक्षरमालांतला, फरक दीड टक्क्याच्या आत असला तर ते जोडलेले मानतात. अगदी ताजी साखळी हवी असेल तर मोजपट्टी अर्ध्या टक्क्यावर आणतात. यासाठी वेगळं रक्त घ्यावं लागत नाही. कोणतं औषध चालेल हे ठरवण्यासाठी विषाणूचा जो तुकडा वाचलेला असतो, तोच वापरतात.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात अशा क्रमांची नोंद जवळजवळ रोजच्या रोज पाहिली जाऊ लागली. जून २०१४ मध्ये एका क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडलेल्या क्रमांच्या गटात, तीन महिन्यांत ११ नव्या रुग्णांची भर पडल्याचं दिसलं. त्यांतल्या आठ जणांकडे औषधाला न जुमानणारा विषाणू होता. आरोग्यसेवकांनी त्या गटाकडे अधिक लक्ष दिलं, उपचार लवकर पोचवले, आणि क्लस्टरची वाढ मंदावली.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या स्कॉट काउंटीची कथा मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. ऑस्टिन हे तिथलं चारेक हजार वस्तीचं गाव. पूर्वी अख्ख्या काउंटीत वर्षाला एचआयव्हीचे पाचसुद्धा नवे रुग्ण सापडत नसत. नोव्हेंबर २०१५ पर्यंत ते १८१ झाले. ऑक्सिमॉर्फोन या वेदनाशामक गोळ्या विरघळवून, एकमेकांच्या सुया वापरून टोचून घेण्यातून हे घडलं होतं. विषाणूचे क्रम वाचले तेव्हा जवळजवळ सगळे एकाच घराण्यातले निघाले. म्हणजे एक विषाणू नुकताच गावात शिरला आणि वणव्यासारखा पसरला. याच माणसांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना हिपॅटायटिस सी होता. त्या विषाणूचे क्रम मात्र अनेक घराण्यांतले. मला हे सगळ्यांत बोलकं वाटतं. सुयांची देवघेव आधीपासून चालली होती, हिपॅटायटिस पुन्हापुन्हा येऊन गेला होता. वाट तयार होती, एचआयव्ही तिच्यावर उशिरा आला.

मग ती वाट कोणी तयार ठेवली? काउंटीतलं मोफत एचआयव्ही तपासणीचं केंद्र २०१३ मध्ये बंद पडलं होतं. जुनी सुई देऊन नवी घेण्याच्या केंद्रांना राज्याच्या कायद्यात परवानगी नव्हती. २६ मार्च २०१५ रोजी गव्हर्नर माइक पेन्स यांनी आणीबाणी जाहीर केली, तेव्हा तसं केंद्र उघडता आलं. नवे रुग्ण कमी होत गेले. आणि २०२१ मध्ये काउंटीच्या कारभाऱ्यांनी तेच केंद्र बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं. हे वाचताना आजही संताप येतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, हलबिसा भागात, तुलिओ डी ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूंच्या क्रमांवरून २०१७ मध्ये वेगळंच चित्र मांडलं. पंचविशीच्या आतल्या मुलींना संसर्ग होत होता तो सरासरी ८.७ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून. त्या पुरुषांना तो त्यांच्याच वयाच्या बायकांकडून मिळत होता. मुली मोठ्या झाल्या की त्याच चक्राचा पुढचा आरा होत होत्या. आजवर सगळा उपदेश मुलींना. तिशीतल्या पुरुषांना तपासणीला आणून उपचारांवर ठेवलं तर चक्र तुटू शकेल, असं या अभ्यासानं सुचवलं. तिथे कुणा एकाचं नाव शोधायची गरज पडली नाही.

नाव शोधू पाहणाऱ्यांनी लिबियाचं उदाहरण आठवावं. बेनगाझीच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्ही झाला. दोष आला पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर. मुद्दाम विषाणू टोचल्याचा आरोप आणि मृत्युदंड. डिसेंबर २००६ मध्ये याच डी ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ही मंडळी मार्च १९९८ मध्ये तिथे पोचण्याआधीच तो विषाणू रुग्णालयाच्या परिसरात फिरत होता. तरी त्याच महिन्यात न्यायालयानं पुन्हा मृत्युदंडच ठोठावला. सुटका झाली ती जुलै २००७ मध्ये, राजकीय वाटाघाटींतून.

काळ सांगून विषाणूनं इथे निरपराधांची बाजू घेतली. पण अमक्यानं तमक्याला दिला, असं त्याच्याकडून वदवून घेणं धोक्याचं आहे. दोन पोथ्यांत सारखी चूक आढळली, तरी पहिलीवरून दुसरी उतरवली की दोन्ही एखाद्या हरवलेल्या तिसरीवरून, हे नुसत्या चुकीवरून सांगता येत नाही. विषाणूच्या वंशाच्या झाडातली हरवलेली पोथी म्हणजे अजून तपासणीलाच न आलेला माणूस.

तो येईल का, हा खरा प्रश्न. २०१८ पासून अमेरिकेत सगळ्या राज्यांनी हे क्लस्टर शोधावेत अशी अपेक्षा झाली. रुग्णानं रक्त दिलं उपचारासाठी. क्रम गेला आरोग्य खात्याकडे, वेगळी संमती न विचारता. एचआयव्हीचा संसर्ग लपवल्याबद्दल तुरुंगात टाकणारे कायदे अनेक राज्यांत असताना ही नोंद आपल्याविरुद्ध वापरली जाईल ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एड्स सल्लागार मंडळानंही त्यांचे आक्षेप उचलून धरले. माझ्या मते हे लोक विज्ञानाच्या आड येत नव्हते. ते घाबरून दूर राहिले तर झाडाच्या फांद्याच गळतील.

आपल्याकडे असे क्लस्टर शोधण्यासाठी लागणारं ज्ञान आहे. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावानं १९९२ मध्ये सुरू झालेली संस्था आहे आणि औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूंचा अभ्यास तिथे होत आला आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तपासणी, उपचार आणि संशोधनासाठी माहितीपूर्ण संमती आणि माहितीची गुप्तता त्यात बंधनकारक आहे. पण ज्या कागदावर सही घेतली जाते, त्यावर ‘तुमच्या विषाणूची इतरांच्या विषाणूशी तुलना करू का?’ हा प्रश्न साध्या मराठीत छापावा लागेल. त्याआधी तो सांगलीच्या ‘संग्राम’सारख्या संस्थेत आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेत वेश्याव्यवसायातल्या बायकांसमोर वाचून दाखवावा. क्रमाची ही नोंद पोलिसांच्या हाती पडेल का, एवढं त्या पहिल्यांदा विचारतील. त्याचं लेखी उत्तर तयार असल्याशिवाय पहिली नळीसुद्धा भरू नये.