अमाझाके : आंबवलेले, पण पाचक म्हणावे काय?

संधानकल्पना आपणांस नवीन नाहीत. कांजी, आसव, अरिष्ट आपण नित्य हाताळतो. म्हणूनच जपानमधील ‘अमाझाके’ या तांदळाच्या पेयाविषयी रुग्णाने विचारले, की ‘आंबवलेले आहे, म्हणजे पाचक’ असे उत्तर सहज ओठांवर येते. हे उत्तर घाईचे आहे, असे आमचे मत आहे.

हे पेय दोन प्रकारे सिद्ध होते. पहिल्या प्रकारात शिजवलेल्या तांदळात ‘कोजी’, म्हणजे अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवलेला तांदूळ, मिसळून मिश्रण ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर काही तास ठेवतात. कोजीतील विकरे पिष्टाची शर्करा करतात. मद्य जवळजवळ होत नाही आणि कांजीसारखी अम्लताही येत नाही. दुसऱ्या प्रकारात साके गाळून उरलेला चोथा पाण्यात कालवून, साखर घालून उकळतात. त्यात मद्यांश राहतो. जपानी कायद्यात १ टक्क्याहून कमी मद्यांशाचे पेय मद्य ठरत नाही; पण ‘मद्य नव्हे’ याचा अर्थ ‘मद्यांश शून्य’ असा नव्हे. गर्भिणी, बालके, यकृद्विकारी व मद्य सोडलेले रुग्ण यांना दुसरा प्रकार वर्ज्य सांगावा.

एदो काळापासून जपानी लोक हे पेय उन्हाळ्यातील थकव्यावर घेत आले. त्वरित मिळणारी शर्करा पाहता हा अनुभव समजण्याजोगा आहे. परंतु तेथेच धोकाही आहे. ‘साखर घातलेली नाही’ हे वेष्टनावरील वाक्य खरे असते. साखर पेयातच तयार झालेली असते. १०० ग्रॅममध्ये सुमारे १८ ग्रॅम कर्बोदके धरली, तर एका मोठ्या पेल्यात ती ३५ ग्रॅमच्या पुढे जातात. मधुर, गुरू व कफकर अशा या द्रव्याची गणना प्रमेहाच्या हेतूंतच करावी लागेल.

घरी करणाऱ्यांस एक इशारा अवश्य द्यावा. कोजीची बुरशी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासलेली, विषनिर्मिती न करणारी आहे. तिची जवळची नातलग अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन हे यकृतघातक विष निर्माण करते. दोहोंतील भेद डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून भातावर आपोआप आलेली बुरशी कदापि वापरू नये.

औषधालयचालकांनी हे पेय विक्रीस ठेवल्यास प्रकार, मद्यांश व कर्बोदके पाहूनच ठेवावे. वैद्यबंधूंनीही नाव ऐकून नव्हे, तर रुग्णाचा अग्नी व प्रकृती पाहून सल्ला द्यावा. निरोगी माणसाने लहान वाटीभर घेण्यास हरकत नाही. प्रमेही रुग्णास मात्र स्पष्ट नकार द्यावा.