रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, शौचाची तपासणीही नॉर्मल. तरी पोटात कळ येते, संडासला जाऊन आल्यावर जरा बरं वाटतं आणि थोड्या वेळाने पुन्हा जावंसं वाटतं. एसटीचा लांबचा प्रवास असेल त्या दिवशी सकाळपासून पोटात काही न घालणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. घरचे म्हणतात, ‘सगळे मनाचे खेळ!’ हा त्या माणसावर अन्याय आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, हा खरा आजार आहे. त्यात आतड्याला जखम किंवा गाठ नसते. बिघडलेला असतो तो आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद. इतरांना जाणवतही नाही एवढ्या गॅसने या रुग्णांना कळा येतात. काहींचा त्रास जुलाब-उलट्यांच्या एखाद्या जोरदार आजारपणानंतर सुरू होतो.

हा आजार किती जणांना आहे, हे कसोटी कोणती लावता यावर ठरतं. २०१२ साली जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास निघालं. २०२१ मध्ये ३३ देशांतल्या ७३ हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत इंटरनेटवरून उत्तरं देणाऱ्यांमध्ये ४.१ टक्के, तर घरोघरी जाऊन विचारलं तिथे १.५ टक्के लोकांना आयबीएस आढळला. आजार ओसरला नव्हता. २०१६ साली आलेल्या ‘रोम-४’ निकषांनी नुसती ‘पोटातली अस्वस्थता’ वगळली आणि दुखणं हवंच असं ठरवलं. इंटरनेटवरच्या त्याच लोकांना आधीचे निकष लावले, तर आकडा १० टक्क्यांवर जात होता. भारतातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हे प्रमाण ४.२ टक्के होतं. जगात बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो, आपल्याकडे दवाखान्यात मात्र पुरुष अधिक येतात. बायका हे दुखणं अंगावर काढतात, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं.

निदान होतं ते मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेलं हवं आणि त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले हवेत. शिवाय दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांमध्ये बदल आणि शौचाच्या स्वरूपात बदल, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. अडतं ते इथेच. ‘पोट साफ होत नाही’ एवढंच सांगून रुग्ण थांबतो. त्याचा अर्थ खडा होतो, कुंथावं लागतं, की चार वेळा जाऊनही समाधान होत नाही? म्हणून डॉक्टर ब्रिस्टल तक्ता पुढे ठेवतात. त्यात सुट्या कडक खड्यांपासून पाण्यासारख्या जुलाबापर्यंत सात चित्रं असतात. बोट ठेवायचं, लाजायचं नाही.

‘जुनाट आव’ म्हणून वर्षानुवर्षं जंतांच्या आणि अमीबाच्या गोळ्या खाणारे कितीतरी जण प्रत्यक्षात आयबीएसचे रुग्ण असतात. उलटी चूकही घडते आणि ती अधिक महागात पडते. शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला त्रास किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असेल तर कोलोनोस्कोपीसारख्या तपासण्या टाळू नयेत. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही. जुलाब जास्त असतील तर गव्हातल्या ग्लुटेनशी निगडित सिलिॲक आजारासाठी रक्त आणि आतड्याची सूज ओळखण्यासाठी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासतात. धोक्याची खूण नसेल तर स्कॅनमागून स्कॅन करत बसण्याची गरज नाही.

आयबीएसचा पुढे कर्करोग होत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद करून न्या: कधी दुखलं, काय खाल्लं होतं, किती वेळा जावं लागलं, शौच कशी झाली. फायलीतल्या रिपोर्टांआधी ती नोंद त्यांच्या हातात द्या.