गोष्ट ऐकवण्याआधी कागदावर उतरवा

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक तरुण आमच्याकडे आला. दिवसा गोदामात कंत्राटी काम करतो, रात्री जागून सिनेमाच्या गोष्टी लिहितो. एका निर्मात्याच्या कचेरीत त्याने दीड तास गोष्ट ऐकवली. चहा मिळाला, "कळवतो" म्हणाले. वर्षभराने त्याच विषयावर सिनेमा निघत असल्याचे त्याच्या कानावर आले. "काका, काय करता येईल?" आम्ही विचारले, लिहिलेले काय आहे? त्याने चार पाने पुढे केली. बाकी सगळे डोक्यात!

इथेच घोडे पेंड खाते. कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही. ती कल्पना ज्या प्रसंगांतून, पात्रांतून, संवादांतून मांडली, त्या मांडणीला देतो. आर. जी. आनंद यांनी १९५३ साली 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले आणि पुढे ते दिग्दर्शक मोहन सेगल यांना वाचून दाखवले. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. आनंद कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ साली लागला आणि आनंद हरले. प्रांतभेदाचा विषय दोन्हींत एकच, पण मांडणी वेगळी, असे न्यायालयाने म्हटले. ज्यांचे नाटक पुरते लिहिलेले होते त्यांची ही गत, तर चार पानांवर काय निभावणार?

म्हणून पटकथा आधी पूर्ण लिहावी. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिताक्षणीच हक्क आपला होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. मुंबईत अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. पूर्वी तिला फिल्म रायटर्स असोसिएशन म्हणत. सभासद झाल्यावर तिथे पटकथा नोंदवता येते. त्यातून निदान अमुक तारखेला हे लिखाण आपल्याजवळ होते, एवढे सिद्ध होते. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यावर विसंबू नये.

आमचा अर्धा जन्म आवक-जावक नोंदवहीत गेला, म्हणून थोडे हक्काने सांगतो. कोणाला, कधी, काय दिले याची नोंद ठेवा. गोष्ट ऐकवून घरी आलात की त्याच दिवशी ईमेल करा: आज आपल्याला अमुक नावाची पटकथा ऐकवली, सारांश सोबत जोडला आहे. यात कोणाचा अपमान होत नाही. सरळ माणूस राग मानत नाही.

सौदा जमलाच तर तोंडी शब्दावर राहू नका. हक्क लेखी आणि सहीनेच दुसऱ्याकडे जातात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. हक्क विकले तरी लेखक म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटाही लेखकाला दिला आहे, तो सोडून देतो असे लिहून घेतले तरी ते चालत नाही. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. फी जड वाटते, पण नंतरचे हेलपाटे जास्त महाग पडतात.

त्या तरुणाची चार पाने आम्ही ओळखीच्या वकिलांना दाखवली. सिनेमा पडद्यावर येईपर्यंत थांबा, मग ताडून पाहू, म्हणाले. पोरगा खट्टू झाला, पण बसून राहिला नाही. परवा नव्या गोष्टीची ऐंशी पाने झाल्याचे सांगून गेला. "ऐकव की," आम्ही म्हणालो. तर म्हणतो कसा, "काका, आधी नोंदवतो, मग ऐकवतो."