लेपचांच्या दंडाला स्वतःचा पत्ता

सिक्कीममध्ये किंवा कालिम्पाँगकडे आज कोणी लेपचा लिपीत चिठ्ठी लिहिली, तर वाक्य संपवायला तो बहुधा आपल्यासारखाच पूर्णविराम देतो. लिपीची मूळ विरामचिन्हे निघतात ती जुन्या पोथ्यांची नक्कल करताना. मराठीचे वेगळे काय झाले? गद्यातून वाक्यान्तीची उभी रेघ, म्हणजे दंड, हद्दपार झाला, अभंग-ओव्यांत तेवढा उरला.

तरीही एप्रिल २००८ मध्ये लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या ५.१ आवृत्तीत लेपचा लिपी आली, तेव्हा तिची पाच मूळ विरामचिन्हेही तिच्यासोबत आली: ता-रोल, न्येत थ्यूम ता-रोल, चेर-वा, त्शूक चेर-वा आणि त्शूक. त्यांचे सांकेतांक १सी३बी ते १सी३एफ. लगेच पुढे लेपचा अंक सुरू होतात.

यातला ता-रोल म्हणजे दंड आणि न्येत थ्यूम ता-रोल म्हणजे दुहेरी दंड. पण दंड तर युनिकोडात आधीपासून होता! ०९६४ या क्रमांकावरचा देवनागरी दंड बंगाली, गुरुमुखी, गुजराती अशा अनेक लिप्या सामाईक वापरतात. बंगाली मजकुरातला दंडही संगणकाच्या लेखी देवनागरीच्याच घरातला. लेपचाचे गोत्र मात्र तिबेटी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ही लिपी घडली. तिचे श्रेय कोणी सिक्कीमचे राजे चाकदोर नामग्याल यांना देतात, तर लेपचा परंपरा आपल्याच थिकुंग मेन्सालोंग यांना. काही हस्ताक्षरांत ता-रोल तिबेटी 'शद' या चिन्हासारखा दिसतो. तो देवनागरीच्या खात्यात टाकला नाही, हे बरेच झाले.

नुसता क्रमांक देऊन काम भागत नाही. चिन्हाचा स्वभावही संगणकाला सांगावा लागतो. युनिकोडच्या तक्त्यांत ही पाचही चिन्हे मजकुराचा एखादा तुकडा संपवणारी म्हणून नोंदली आहेत, पण वाक्य संपवण्याचा अधिकार फक्त दोन्ही ता-रोलना. त्या आधारावरच सॉफ्टवेअर वाक्ये वेगळी काढू शकते.

रोजच्या वापरात नाहीत म्हणून ही चिन्हे वगळली असती, तर पोथी टंकताना एकाने देवनागरी दंड घातला असता, दुसऱ्याने तिबेटी शद, तिसऱ्याने चक्क कीबोर्डवरची उभी रेघ. दिसायला सारे जवळपास सारखेच. शोधायला गेले की एक सापडणार, दोन निसटणार.

पडद्यावर या चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर दोष लिपीचा नाही, फाँटचा आहे. 'नोटो सान्स लेपचा' आणि 'मिंगझात' हे दोन्ही फाँट मोफत मिळतात.